सोळा रेघांच्या वह्या: बडोद्यातल्या एका बिनतारी ऑपरेटरच्या कागदपत्रांचं प्रकरण

हे प्रकरण गेल्या वर्षीचं, बडोद्यातल्या एका मराठी घरातलं. घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. माणसांची नावं, जहाजाचं नाव आणि किनाऱ्यावरचं ठाणं कुठलं ते गाळलं आहे. माझा यातला सहभाग असा की मी निवृत्तीपर्यंत हस्तलिखितांच्या विभागात काम केलं आणि अजूनही कुणाच्या माळ्यावरून जुने कागद निघाले की लोक मला बोलावतात. यात माझ्या हातूनही एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

पार्श्वभूमी

दांडिया बाजाराच्या बाजूचा तीन पिढ्यांचा वाडा इमारतीसाठी द्यायचं ठरलं होतं. सामान हलवायला सहा आठवडे होते. माळ्यावर, देव्हाऱ्याच्या खोलीच्या वर, फळ्या ठोकून बंद केलेल्या कोनाड्यात एक पत्र्याची पेटी निघाली. पेटी अप्पांची, म्हणजे आताच्या थोरल्या आणि धाकट्या भावांच्या आजोबांची. आत पितळी मोर्स किल्ली (टिंब आणि रेघांच्या खुणांनी संदेश पाठवायची), कानाला लावायचे हेडफोन, काचेच्या नळीत बसवलेला गॅलिना खडा (रेडिओच्या लहरी पकडणारा), आणि पाच वह्या. वह्यांमध्ये घड्या घातलेल्या सुट्या चिठ्ठ्या.

अप्पा कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या त्या संस्थेतून बाहेर पडलेली मुलं गिरण्यांत, रेल्वेत, छापखान्यांत गेली. अप्पा तारखात्यात गेले आणि तिथून बिनतारीकडे, म्हणजे तारेशिवाय रेडिओलहरींवरून संदेश देण्याघेण्याच्या कामाकडे. १९३३ ते १९३८ ही पाच वर्षं ते पश्चिम किनाऱ्यावरच्या एका एकाकी ठाण्यावर होते. नंतर नोकरी सोडून बडोद्याला परतले आणि शाळेत गणित शिकवू लागले. घरात त्यांची ओळख गणिताचे मास्तर हीच राहिली. बिनतारीची एकच गोष्ट घरात सांगितली जाई: ज्या रात्री आत्याचा जन्म झाला, त्या रात्री अप्पांनी एक बुडतं जहाज वाचवलं.

अशा ठाण्यावरचं आयुष्य कसं असे, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिंदुस्थानात बिनतारी आली तीच मुळी किनाऱ्यावर. १९०२ मध्ये हुगळीच्या मुखाशी सागर बेट आणि सँडहेड्स यांच्यात पहिली बिनतारी ठाणी झाली, कारण वाटाड्यांच्या जहाजापर्यंत तार ओढणं शक्य नव्हतं. पुढे ठाणी वाढली, पण त्यांच्या जागा तशाच राहिल्या: जिथे जहाजांना गरज, तिथे, वस्ती असो वा नसो. उंच डोलकाठ्या, त्यांना ताणून धरणाऱ्या तारांना खाऱ्या वाऱ्यापासून वाचवायला सतत चोपडायचं ग्रीस, इंजिनाची खोली, बॅटऱ्यांची रांग, गाड्यावरून येणारं पिण्याचं पाणी. आणि एका खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेला एक माणूस.

त्याचं मुख्य काम ऐकण्याचं. पाठवणं त्याच्या कामाचा लहान भाग. ६०० मीटर, म्हणजे ५०० किलोसायकल, ही जहाजांची बोलावण्याची आणि संकटाची लहर. त्या लहरीवर दर तासाला दोनदा, पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं, कारण दुबळ्या बॅटरीवर चाललेली एखादी क्षीण हाक एरवीच्या गलक्यात बुडून जाते. बिनतारी खोल्यांमधल्या घड्याळांवर पुढे ही तीन मिनिटं लाल रंगानं रंगवलेली असत.

या नियमांमागे टायटॅनिकची रात्र आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकचा ऑपरेटर जॅक फिलिप्स केप रेस या किनारी ठाण्याला प्रवाशांच्या तारा पाठवण्यात गुंतला होता. जवळच्याच कॅलिफोर्नियन जहाजावरच्या सिरिल एव्हान्सनं बर्फाची खबर द्यायला मध्येच बोलायला सुरुवात केली तेव्हा फिलिप्सनं त्याला गप्प केलं. एव्हान्स थोड्या वेळानं यंत्र बंद करून झोपला. सगळ्यांत जवळ असणाऱ्यांपैकी एका जहाजाला संकटाची हाक ऐकूच आली नाही. दूरच्या कार्पेथियावरचा हॅरॉल्ड कॉटम झोपायच्या तयारीत होता, पण हेडफोन अजून कानावर होते. सातशेच्या वर माणसं वाचली ती त्यामुळे. मला ही गोष्ट माहीत होती. पण तिचा आणि माळ्यावरच्या वह्यांचा संबंध मला फार उशिरा लागला.

अडचण

मी पोचले तोवर तीन गोष्टी होऊन गेल्या होत्या.

पहिली म्हणजे किल्ली चिंच-मीठ लावून घासून लख्ख केली होती, आणि तिचे सैल वाटणारे स्क्रू कुणीतरी घट्ट पिळले होते. दुसरी म्हणजे जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानं किल्ली, हेडफोन आणि खडा मिळून २२,००० रुपये सांगितले होते. वह्या त्याला नको होत्या. तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट: वह्यांवर बोटभर धूळ होती म्हणून वहिनींनी दुसरी आणि तिसरी वही उघडून काही पानं ओल्या फडक्यानं पुसली होती.

वह्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेल्या होत्या. तारखात्यात ही पेन्सिल सगळीकडे असे. कोरडी असताना ती साध्या शिसपेन्सिलीसारखी दिसते, पण तिच्यात ग्रॅफाइटबरोबर ॲनिलीन रंग असतो. पाणी लागलं की तो जागा होतो आणि जांभळा होऊन पसरतो. खोडता येऊ नये म्हणूनच ती वापरत. वहिनींनी पुसलेल्या चार पानांवर आता जांभळे ढग होते. "ताई, मला वाटलं डाग आहेत म्हणून मी आणखी पुसलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज दाटून आला. त्यांची चूक म्हणायला माझं मन होत नाही. घरातल्या एकाही माणसाला ही पेन्सिल माहीत नव्हती, आणि धूळ पुसणं हे कुठल्याही चांगल्या घरातलं पहिलं काम.

खरी अडचण वेगळी होती. घरच्यांच्या मते वह्यांत काहीच नव्हतं. थोरल्या भावांनी पानं उलटून दाखवली: डावीकडे आकडे, पुढे आडवी रेघ. पुन्हा आकडे, पुन्हा रेघ. पानंच्या पानं तशीच. क्वचित इंग्रजी अक्षरांचं त्रिकूट, समासात मोडीतल्या एकदोन ओळी. "दोन वह्यांत तर रेघांखेरीज अक्षर नाही. पस्तीवाला किलोवर घेईल," ते म्हणाले. धाकटे पुण्याहून फोनवर होते. त्यांना वस्तू विकायला नको होत्या, कारण त्यांच्या मनात वाड्याच्या निरोपाच्या कार्यक्रमात अप्पांवर एक फलक लावायचा होता. फलकाचा मजकूरही तयार होता. त्याची पहिली ओळ जहाज वाचवल्याचीच.

कोणते पर्याय होते

व्यापाऱ्याला वस्तू देऊन वह्या ठेवणं हा एक. किल्ली एका भावाकडे, हेडफोन दुसऱ्याकडे, वह्या आत्यांकडे ही वाटणी हा दुसरा, आणि घरात सगळ्यांना तोच न्याय्य वाटत होता. सगळं एकत्र एखाद्या संस्थेला देणं हा तिसरा. त्याला थोरल्यांचा विरोध होता, आणि विरोधाचं कारण मला आधी कळेना. मग ते म्हणाले, पेटी कोनाड्यात फळ्या ठोकून का ठेवली होती ते आम्हाला ठाऊक आहे. १९३३ च्या बिनतारी कायद्यानं विनापरवाना यंत्र बाळगणं गुन्हा ठरवलं होतं. १९३९ मध्ये युद्ध लागल्यावर हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द झाले आणि यंत्रं जमा करून घेतली. गॅलिनाच्या खड्यावर वीज नसतानाही ऐकता येतं. अप्पांनी तो लपवला आणि ती भीती दोन पिढ्या त्या कोनाड्यात राहिली. शिवाय वह्या सरकारी असतील तर? ही शंका रास्त होती, आणि तिचं उत्तर शोधल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नव्हतं.

मी घाई करू नका म्हणाले. सहा आठवड्यांतले दोन फक्त वाचण्यात घालवू, कुणाला काही देऊ नका, काही पुसू नका. व्यापाऱ्यानं दोन दिवसांत उत्तर मागितलं होतं. थोरल्यांनी त्याला नाही सांगितलं. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला वाटतं, अशा प्रकरणांतला सगळ्यांत मोठा निर्णय हाच असतो आणि तो त्या घरानं नीट घेतला.

माझी चूक

पहिल्याच दिवशी मी तिसऱ्या वहीतल्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या. घड्यांमुळे वहीची शिवण उसवत होती, म्हणून त्या सपाट करून पाकिटात ठेवायच्या असं मी ठरवलं. कुठली चिठ्ठी कुठल्या पानात होती याची नोंद मी केली नाही. पाचही वह्यांतल्या मिळून ४३ चिठ्ठ्या होत्या, त्यातल्या १९ या वहीतल्या. चिठ्ठ्यांवर तारखा फारशा नव्हत्या: किराण्याचा हिशेब, एका पत्राचा तुकडा, इंजिनाच्या तेलाचं माप, एक लहान मुलानं काढलेलं चित्र. या गोष्टींची तारीख म्हणजे त्या ज्या पानात होत्या ते पान, आणि ती मी माझ्या हातानं पुसून टाकली. वहिनींच्या फडक्यानं चार पानं गेली. माझ्या नीटनेटकेपणानं १९ चिठ्ठ्यांच्या जागा गेल्या. नंतर कागदावर उमटलेल्या घडीच्या सावल्या जुळवून ११ चिठ्ठ्यांच्या जागा सापडल्या. आठ अजून सुट्या आहेत. चिठ्ठी हलवण्याआधी पानासकट एक फोटो घेतला असता तर एवढंच पुरलं असतं. हे मी इतरांना शिकवत आले आहे.

वह्या कशा उलगडल्या

शहरात राहणाऱ्या एका निवृत्त तारमास्तरांना मी बोलावलं. त्यांनी उमेदीची वर्षं मोर्सवर काढली आणि पुढे टेलिप्रिंटरवर. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी आधी किल्ली हातात घेतली आणि गप्प झाले. किल्लीच्या दोन टोकांमधलं अंतर आणि स्प्रिंगचा ताण हे प्रत्येक ऑपरेटर आपल्या मनगटाप्रमाणे लावून घेतो, आणि त्यावरून त्याचा हात ओळखू येतो. ते अंतर आता स्क्रू पिळल्यानं गेलं होतं. "ह्यात त्यांचा हात होता," एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी पहिली वही उघडली आणि रेघा मोजल्या. पुढच्या पानावर पुन्हा मोजल्या. सोळा. पुढच्या पानावरही सोळा. "आठ तासांचा पहारा," ते म्हणाले. "तासाला दोन मौनं. आठ दुणे सोळा."

एकेक रेघ म्हणजे तीन मिनिटं कान देऊन बसणं, आणि काही ऐकू न येणं. वही रिकामी नव्हती. पाच वर्षांच्या रात्री तिच्यात ओळीनं मांडलेल्या होत्या.

मग मजकूर का नाही? ठाण्यावरून तर रोज तारा जात-येत असणार: कुणाचं लग्न, कुणाचा माल, कुणाचं आजारपण. तारमास्तरांना हा प्रश्नच पडला नाही. दुसऱ्याची तार उघड करणं १८८५ च्या तार कायद्यानं गुन्हा होता, आणि त्याहून आधी ती त्या माणसाची स्वतःशी ठरलेली गोष्ट असे. ते स्वतः तीस वर्षं लोकांच्या मरणाच्या आणि बारशाच्या बातम्या ऐकत आले आणि घरी एकही सांगितली नाही. अप्पांनी आपल्या खाजगी वहीत वेळा लिहिल्या, आकाशाचा गोंगाट लिहिला (क्यू आर एन, म्हणजे वातावरणातली खरखर, वैशाख-ज्येष्ठात ती अक्षरं पानापानावर आहेत), मौनाच्या रेघा ओढल्या, आणि माणसांबद्दल अक्षरही लिहिलं नाही. इथेच सरकारी मालमत्तेची शंकाही मिटली. ठाण्याचा अधिकृत लॉग छापील नमुन्यावर असतो, त्यात संदेशांची नोंद असते आणि तो ठाण्यावरच राहतो. या साध्या रेघी वह्या होत्या, कुठे शिक्का नाही, क्रमांक नाही. घरची कच्ची वही. थोरल्या भावांचा विरोध त्या दिवशी मावळला.

ती रात्र

तिसऱ्या वहीत ज्येष्ठातलं एक पान आहे. नऊ रेघा नेहमीसारख्या. दहावी अर्धवट ओढून थांबलेली. तिच्यापुढे २०४७ हा आकडा, म्हणजे २० वाजून ४७ मिनिटं ही वेळ, आणि तीन अक्षरं: एस ओ एस. जहाजाच्या नावाच्या जागी दोन आद्याक्षरं आणि पुढे कोरी जागा. तिथेही त्यांनी नाव लिहिलं नाही. मग २०५३: दुसऱ्या एका किनारी ठाण्याची खूण आणि पोच दिल्याची नोंद. त्यापुढे इंग्रजीत दोन शब्द, अर्थ असा की मी गप्प राहिलो. मग २११२, २१३०, २१४४ असे आकडे आणि प्रत्येकापुढे एकदोन अक्षरं. शेवटी २३३६: संकट-वाहतूक संपल्याची खूण. त्यानंतर राहिलेली एकच रेघ, २३४५ ची, नेहमीसारखी ठाम.

म्हणजे अप्पांनी हाक ऐकली. पण त्यांच्या आधी, बहुधा जहाजाला अधिक जवळ असलेल्या, दुसऱ्या ठाण्यानं पोच दिली आणि सूत्रं हाती घेतली. अशा वेळी बाकीच्यांनी एक टिंबही पाठवायचं नाही, हा नियम. अप्पा दोन तास एकोणपन्नास मिनिटं किल्लीला हात न लावता बसले. त्यांनी जहाज वाचवलं नव्हतं.

धाकट्यांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, निदान आत्याच्या जन्माची रात्र तरी तीच ना? तर तिथेही गाठ होती. वहीतल्या पानावर मंगळवारची तारीख होती आणि नगरपालिकेच्या दाखल्यावर आत्यांचा जन्म बुधवारचा. थोरले म्हणाले, म्हणजे सगळीच दंतकथा.

गाठ सुटली ती आत्यांच्या जन्मपत्रिकेमुळे. पत्रिकेत होतं: भौमवासरे, उत्तररात्रौ, म्हणजे मंगळवारी, उत्तररात्री. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनला जन्मलेलं मूल पत्रिकेत आदल्या दिवसाचं, दाखल्यात दुसऱ्या. आणि बिनतारीची घड्याळं ग्रिनिचच्या वेळेवर चालत. २०४७ मध्ये साडेपाच तास मिळवले की आपल्याकडचे पहाटेचे दोन वाजून सतरा मिनिटं, वार बुधवार; पण ग्रिनिचमध्ये अजून मंगळवार. लंडनचं घड्याळ आणि आपलं पंचांग त्या रात्री एकाच वारावर होते. फक्त नगरपालिका वेगळी. अप्पा हेडफोन लावून गप्प बसले होते त्याच सुमाराला बडोद्यात त्यांची मुलगी जन्मली. त्यांना ते तीन दिवसांनी कळलं. समासात मोडीत आहे: तार आली, कन्या, दोघी कुशल.

फलकावर काय लिहायचं

इथे घरात खरा मतभेद झाला, आणि मी तो लांबू दिला हे मला बरोबर वाटतं. धाकट्यांचं म्हणणं होतं की ऐंशी वर्षं घरानं जी गोष्ट सांगितली तीही घराचीच आहे, तिला असं उघडं पाडू नये. ‘असं सांगतात की’ एवढं जोडून गोष्ट ठेवावी. थोरल्यांना वहीत आहे तेवढंच हवं होतं. वहिनींनी विचारलं, हे आत्यांना कोण सांगणार? एकोणनव्वद वर्षांच्या बाईला या वयात?

मी आत्यांना आधी सांगावं या बाजूची होते. ज्यांच्या जन्माशी गोष्ट बांधलेली आहे त्यांना फलकावरून कळणं योग्य नव्हतं. थोरले आणि मी दोघं गेलो. थोरल्यांनी पानाचा मोठा केलेला फोटो त्यांच्यासमोर धरला आणि रेघा समजावून सांगितल्या. आत्यांनी बोट ठेवून नऊ रेघा मोजल्या.

"मग त्यांनी काय केलं?"

"काही पाठवलं नाही, आत्या. ऐकत बसले. मध्ये बोलले असते तर त्या जहाजाचा आवाज बुडाला असता."

आत्या म्हणाल्या, "अप्पा तसेच होते रे. मी रडत असले की जवळ बसायचे. गप्प कर म्हणायचे नाहीत, काही विचारायचे नाहीत. आई चिडायची." मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "वाचलं का ते जहाज?"

वहीत ते नाही. नाव नसल्यामुळे वर्तमानपत्रांत शोधायलाही धागा नाही. अप्पांना ते दुसऱ्या दिवशी नक्की कळलं असणार. पुढच्या पहाऱ्याचं पान ओल्या फडक्याखाली गेलेल्या चार पानांपैकी एक आहे; त्याच्या वरच्या भागात मोडीतला ‘जहाज’ हा शब्द वाचता येतो आणि पुढे सगळं जांभळं.

फलकावर शेवटी वहीतलं पान आहे तसं छापलं, खाली वेळांचा अर्थ आणि मौनाचा नियम. आत्या सांगतात ती गोष्ट त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून शेजारी ठेवली, ‘घरात सांगितली जाणारी गोष्ट’ या नावानं. धाकट्यांनी ही वाट सुचवली. फलकाची ओळही त्यांनीच लिहिली: ‘या रात्री त्यांनी काहीही पाठवलं नाही.’ कार्यक्रमात लोक त्या ओळीपाशी थांबत आणि विचारत, आणि थोरले प्रत्येकाला रेघा मोजून दाखवत.

परिणाम

वस्तू विकल्या गेल्या नाहीत, वाटल्याही गेल्या नाहीत. पेटी एकत्रच शहरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या छोट्या संग्रहात दहा वर्षांच्या ठेवीवर दिली, मालकी घराची. पाचही वह्यांची पानं खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, फोन स्टँडवर लावून टिपली. ते काम घरातल्या कॉलेजच्या मुलीनं केलं आणि फार शिस्तीनं केलं. प्रती दोन्ही भावांकडे, आत्यांकडे आणि संस्थेकडे आहेत. गॅलिना म्हणजे शिशाचं खनिज, म्हणून खडा काचेबाहेर काढायचा नाही आणि हाताळल्यावर हात धुवायचे, अशी चिठ्ठी पेटीत ठेवली आहे. किल्ली पुन्हा घासायची नाही.

काय वेगळं करता आलं असतं

चिठ्ठ्यांबद्दल वर लिहिलं आहे. दुसरं, तारमास्तरांना मी आठव्या दिवशी बोलावलं. पहिल्या दिवशी बोलवायला हवं होतं. माझं शिक्षण कागदाचं. मी शाई, शिवण, कसर पाहत राहिले आणि रेघा मला नक्षीसारख्या वाटल्या. ज्यानं ते काम स्वतः केलं आहे अशा माणसाला त्या मोजायला एक मिनिट लागलं. मोर्स हातानं चालवलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. कुणाच्या घरी किल्ली, वही, हेडफोन असेल तर आधी असा माणूस गाठा आणि त्याचं बोलणं मुद्रित करा.

तिसरं, ओलं फडकं. माळ्यावरचे कागद मिळाले की धूळ मऊ कोरड्या ब्रशनं वहीच्या पाठीकडून कडांकडे झाडायची, पान उघडून पुसायचं नाही. हे मी फोनवर पहिल्याच वाक्यात सांगायला हवं होतं. मी ‘येते उद्या’ म्हणून फोन ठेवला, आणि वहिनींनी पाहुणी येणार म्हणून वह्या स्वच्छ केल्या.

जांभळी झालेली चार पानं अजून हातची गेलेली नाहीत. पेन्सिलीतला ॲनिलीन रंग अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात जवळजवळ दिसत नाही आणि ग्रॅफाइट काळं दिसतं. त्यामुळे त्या प्रकाशातल्या फोटोत रंगाखालची मूळ अक्षरं सापडण्याची आशा असते. तसा कॅमेरा असलेल्या एका प्रयोगशाळेशी बोलणं झालं आहे. पानं दोन कोऱ्या, आम्लरहित कागदांमध्ये ठेवली आहेत. आत्यांनी परवा फोन करून विचारलं, फोटो निघाला का. अजून नाही, मी सांगितलं. दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे.